मेंढ्याचं डोकं कुणाचं

पातेल्यावरचं झाकण अनारकुलनं उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिलं. वाफेनं आपल्याला फसवलं असेल म्हणून परत उचललं. फसवलं नव्हतं.

मांस होतं. भरपूर होतं, मऊ शिजलेलं होतं. पण सुतारानं पट्टी धरून पाडावेत तसे त्याचे एका मापाचे तुकडे होते. हाडं कुऱ्हाडीनं मधोमध तोडलेली. त्यात खुबा कुठला, मांडी कुठली, फरा कुठला, हे प्रत्यक्ष त्या मेंढ्यालाही सांगता आलं नसतं.

"एर्मेक, डोकं कुठंय?"

एर्मेक हा तिच्या नवऱ्याच्या पक्षाचा चिटणीस. पन्नाशीला आलेला, राजधानीत वाढलेला, भर उन्हात टाय लावून फिरणारा. शहरातून तीन पातेली टेंपोत घालून, पाच तासांचा रस्ता आणि वर घाट उतरून त्यानंच आणली होती. आता कुणीतरी पाठ थोपटेल म्हणून तो मघापासून शेजारी घुटमळत होता.

"डोकी हॉटेलवाल्यानं ठेवून घेतली, वहिनी. म्हणाला, डोक्यात खाण्यासारखं काही नसतं."

"आणि तू ऐकून घेतलंस?"

"मला ते पटलं," एर्मेक म्हणाला.

अनारकुलनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्याकडे बघून मलाही पटतंय."

पन्नास पावलांवर, नव्या इमारतीच्या अंगणात पांढरा यर्ट, लोकरीचा गोल तंबू, उभा होता आणि त्यात अकरा म्हातारे डोईवरच्या काल्पाक टोप्या नीट बसवून जेवणाची वाट बघत होते. तुयुक-जार गावात कुणाचा मान किती हे कुणी तोंडानं बोलत नाही, ते हाड बोलतं. डोकं सगळ्यांत थोराला, खुबा त्याच्या खालच्याला, मांडी त्याच्या खालच्याला, शेपटीकडची चरबी घरातल्या थोरल्या बाईला. म्हणून मेंढा सांध्यासांध्यावर सोडवायचा, एकही हाड मोडू द्यायचं नाही. आणि त्याच्याही आधी तो जिवंत मेंढा पाहुण्यांच्या दारात आणायचा. पाहुणे तळवे उघडून बाता म्हणणार, आशीर्वाद देणार, मग सुरी. आज सकाळपासून दारात मेंढा आलाच नव्हता. म्हाताऱ्यांचा तीनदा चहा झाला होता, तळलेल्या बोर्सोकची परात रिकामी झाली होती, आणि आता ते दाराकडे बघायचं मुद्दाम टाळत होते.

"शहरातून शिजवूनच आणू, तुला त्रास नको," असं तिचा नवरा केन्जेबेक आठवड्यापूर्वी म्हणाला होता. चौतीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचा त्रास वाचवायचं मनावर घेतलं, असा हा दुसरा प्रसंग. पहिल्या प्रसंगात घराचं छप्पर उडालं होतं.

इमारत बारा खाटांची होती. बाळंतघर. सामुदायिक शेती मोडली तेव्हा ओढ्यात फेकलेली लोकर गोळा करून अनारकुल धरून चार बायकांनी नमदे, लोकरीचे जाड गालिचे, थापायला घेतले. त्या चारांच्या आता ऐंशी झाल्या होत्या, कारखाना उभा राहिला होता, आणि त्या नमद्यांच्या पैशानंच ही विटेवर वीट चढवली होती. जमीन मात्र अनारकुलची नव्हती. ती थोरल्या दिरांची, सत्तारकुल आबांची, त्यांच्या कुरणाची कड. वसंतात आबा म्हणाले होते, "बांध. सगळ्यांच्या देखत बाता देईन तेव्हा जमीन तुझी. तोवर त्या नुसत्या भिंती." आणि जिल्ह्याच्या गावची सुईण सोमवारपर्यंत नक्की काय ते सांगा म्हणत होती, नाहीतर ती दुसरीकडे रुजू होणार. आज आबांचा मान दुखावला, तर बाराही खाटा वसंतापर्यंत रिकाम्या. गावातल्या सात पोटुशा बायांना बर्फातून ट्रकनं घाट चढावा लागणार.

अनारकुलला तो ट्रक ठाऊक होता. तिची पहिली मुलगी त्या घाटात चौदाव्या वळणावर जन्मली आणि सोळाव्या वळणावर गेली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. विटा रचत राहिली.

"अगं, वाढा ना आता!" केन्जेबेक धापा टाकत आला. संसदेतला सभासद, पक्षाचा पुढारी, तीन मंत्र्यांना घालवलेला माणूस. पण घरात सगळ्यांत धाकटा. "आबा गप्प झालेत. आबा गप्प झाले की मला घाम फुटतो, माहितेय ना तुला?"

"या, बघा." तिनं झाकण उचललं.

टाय असला तरी तो याच गावचा होता. त्याचा चेहरा पडला. "कुणी केलं हे?"

"तुमच्या पक्षानं."

"म्हणजे... असं बघ." तो पुढारीपणावर आला. "नवा काळ आहे. सगळे समान, म्हणून तुकडेही समान. मी भाषणात घालतो हे."

"घाला की. आणि आबांच्या आधी ओरोझाली काकांनी पातेल्यात हात घातला की मग त्या भाषणाचं काय करायचं, तेही लिहून ठेवा."

ओरोझाली हे नदीपलीकडच्या भाऊबंदांचे म्हातारे. आबांचं आणि त्यांचं साठ वर्षं एकमेकांशिवाय चालत नव्हतं आणि एकमेकांशी पटत नव्हतं. केन्जेबेक पिठाच्या पोत्यावर बसला. उठला तेव्हा त्याच्या काळ्या पँटला मागं दोन पांढरी वर्तुळं उमटली होती. त्याला कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यात वन्सं आल्या. बूसारा वन्सं, केन्जेबेकची थोरली बहीण. अनारकुलच्या चहात मीठ कमी असतं, हे त्या तीस वर्षं न चुकता सांगत आल्या होत्या. त्यांनी काठी टेकली, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "बरं केलंत. आधी कुत्र्यांचं शिजवलंत."

"वन्सं, हेच जेवण आहे."

वन्संना अनारकुलची फजिती बघायला आवडत असे, पण ती आपल्या माहेरच्या अंगणात झालेली नको असे. त्या क्षणभर दोन्हींच्या मध्ये अडकल्या.

"वन्सं," अनारकुलनं त्यांचा हात धरला, "तुमचा कळप मागच्या शेतात चरतोय. तो काळ्या तोंडाचा मेंढा मला द्या."

"तो? तो मी नातवाच्या लग्नासाठी राखलाय."

"नातू नऊ वर्षांचा आहे."

"म्हणून काय झालं? आमच्याकडं वेळेवर तयारी करतात." वन्संनी काठी वर केली आणि इमारतीच्या भिंतीकडे रोखली. "देते. पण आधी ते खाली उतरव."

भिंतीवर दोन मजले उंचीचा कापडी फलक होता. त्यावर केन्जेबेक हसत होता आणि त्याच्या कडेवर एक गुटगुटीत बाळ.

"ताई, निवडणूक आहे!"

"तू गप रे. कळा देताना बाईनं तुझं तोंड बघायचं? बाहेर यायला निघालेलं पोर माघारी फिरेल. आणि ते पोर तरी कुणाचं घेतलंस? स्वतःची तीन झाली, एकाला उचललं नाहीस."

"फोटोवाल्याच्या मेहुणीचं आहे," केन्जेबेक पडेल आवाजात म्हणाला.

"अहो," अनारकुल म्हणाली, "झटपट सांगा. फलक की जमीन?"

"दोन्ही नाही का जमायचं?"

"वन्सं नाही म्हणतायत."

आपली बहीण आणि आपली बायको आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला उभ्या आहेत, हे केन्जेबेकच्या तेव्हा ध्यानात आलं. अशा युतीपुढं टिकणारं सरकार त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं मान हलवली. अनारकुलनं दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. कारखान्याच्या बायका शिडी घेऊन धावल्या आणि पाच मिनिटांत नेते जमिनीवर आले.

"पण मेंढा कापून शिजायला तीन तास लागतील," एर्मेक मनगटावरचं घड्याळ बघत म्हणाला. "म्हातारे थांबतील का इतका वेळ?"

"थांबणार नाहीत," अनारकुल म्हणाली. "भांडतील."

केन्जेबेकच्या हातात मेंढ्याची दोरी देऊन ती यर्टच्या दाराशी गेली. वाकून सगळ्यांना सलाम केला. समोर, दाराच्या बरोबर पुढ्यात, मानाच्या जागी एकाच शिरदाकवर आबा आणि ओरोझाली काका मांडीला मांडी लावून बसले होते. मधली सुरकुती कुणाच्याच बाजूला झुकू नये, इतक्या हिशेबानं तो गालिचा अंथरला होता. तिनंच अंथरला होता.

"आबा, काका, उशीर झाला. दोष माझा. मेंढा सकाळीच दारात यायला हवा होता, पण माझं धाडस होईना. मेंढा एक, त्याला डोकं एक. आणि इथं थोर बसलेत दोन. मी सून, माझ्या हातून इकडचं तिकडं झालं तर तुमची नातवंडं माझ्या नातवंडांना ऐकवतील. तेव्हा तुम्हीच ठरवा. डोकं कुणापुढं ठेवू?"

साठ वर्षं ज्या प्रश्नाला सगळ्यांनी वळसा घातला होता तो एका बाईनं उचलून जेवणाच्या दस्तरखानावर ठेवला होता.

"तू हे काय केलंस?" केन्जेबेक तिच्या कानाशी पुटपुटला.

"दोरी नीट धरा."

आबांनी तळवे उघडले. अकराजणांनी उघडले. मेंढ्याला बाता मिळाली, तो मागच्या बाजूला नेला गेला, आणि त्याची पावलं दिसेनाशी व्हायच्या आत ओरोझाली काकांनी खाकरून घसा मोकळा केला.

"यात ठरवायचं काय? मी घोड्याच्या वर्षाचा." इथं वर्षांना बारा जनावरांची नावं, एकदा गेलेला घोडा बारा वर्षांनीच परत येतो.

"मीही घोड्याच्याच," आबा म्हणाले.

"मग तू पुढच्या घोड्याचा असशील. बारा वर्षांनी."

"बारा वर्षांनी लहान असतो तर तुझ्या लग्नात तुला घोड्यावर कुणी चढवलं? तीनदा पडला होतास."

"घोडा वाईट होता!"

"घोडा शुद्धीवर होता, तू नव्हतास."

"माझा पासपोर्ट बघा!" काकांनी तो खरंच आतल्या खिशातून काढला आणि सगळ्यांपुढं नाचवला.

"बघितलाय. त्यात तुझी आई तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे."

यर्टभर हशा उसळला. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं सांगून टाकलं, की ओरोझालीला ट्रॅक्टर चालवायला मिळावा म्हणून त्याच्या बापानं कार्यालयात एक बकरी देऊन पाच वर्षं वाढवून घेतली होती. त्यावर नदीपलीकडच्या दोघांनी विचारलं, की मग सत्तारकुलची तीन वर्षं कुणी कमी केली? पलटण गोळा करायला माणसं आली तेव्हा सत्तारकुल अंगापिंडानं एवढा, पण कागदावर पोर कसा? तोवर आबांच्या बाजूला बसलेला त्यांचा चुलत मेहुणा उठला आणि सरळ समोरच्या बाजूला जाऊन बसला. मग तिकडचा एकजण चिडून इकडं आला. चहाच्या वाट्या मात्र ज्याच्या त्याच्या जागीच राहिल्या, त्यामुळं दोघांनीही दुसऱ्याचा चहा प्यायला आणि त्यावरून वेगळं भांडण सुरू झालं.

"माझी एक सूचना आहे," केन्जेबेक मध्ये उभा राहिला. "आपण तीनजणांची समिती नेमू—"

"खाली बस, नेता," दोन्ही बाजूंनी एकदमच म्हटलं. "आणि आधी पँट झटक."

अनारकुल मागं गेली. दरीतून वारा सुटला होता आणि चुलीतलं जळण नुसतं धुमसत होतं. बायकांनी तो फलकच चुलीभोवती कनातीसारखा फिरवला. आता कढईच्या एका बाजूला केन्जेबेक हसत होता, दुसऱ्या बाजूला बाळ, आणि नेत्यांच्या कपाळावर काजळी चढत चालली होती. वन्सं स्वतः मेंढ्याचं डोकं जाळावर भाजून खरवडत होत्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. लोकर पिंजताना म्हणायचं गाणं बायकांनी तिथंच धरलं:

*पिंजते मी लोकर, काठीवर काठी गं*
*पांढरा नमदा थापते पावलांसाठी गं*
*घाटातला वारा, नको येऊ दारी गं*
*उबेला निजली माझी सोनपरी गं*

अनारकुल जाळ सारखा करत राहिली. शेवटची ओळ ती म्हणत नसे. बायकांना ते माहीत होतं. त्या तिच्या वाटचीही म्हणत.

"मीठ घालू का?" तिनं विचारलं.

"घाल," वन्सं म्हणाल्या. मग डोळे पुसून, "धूर फार आहे," असं म्हणाल्या. धूर तेव्हा पलीकडं वळला होता.

दर थोड्या वेळानं ती दारापर्यंत जाऊन कानोसा घेई. पहिल्या तासाला आवाज चढलेले होते, दुसऱ्या तासाला बसलेले. तिसऱ्या तासाला तिनं डोकं परातीत ठेवलं, सुरी शेजारी ठेवली, आणि परात उचलून यर्टच्या दाराशी गेली तेव्हा आत कुणीच भांडत नव्हतं. ती घाबरली. भांडण संपलंय म्हणजे कुणीतरी रागावून बसलंय.

"बर्फ होतं, एवढंच आई सांगायची," आबा बोलत होते, अगदी हळू. "सारी-बेलच्या उतारावर, उंटाच्या आडोशाला झालो मी. कळप पुढं गेला होता, बाप कळपामागं. आता बर्फ काय, तिथं ऑक्टोबरातही असतं आणि मे महिन्यातही. कुठला महिना, कुठलं साल, तिला तरी काय ठाऊक? माझं घोड्याचं वर्ष मीच धरलं. मला घोडा आवडायचा म्हणून."

ओरोझाली काका पासपोर्ट मिटून मांडीवर ठेवून बसले होते.

"तुझी आई निदान बर्फ तरी सांगायची," ते म्हणाले. "माझी सांगायला उरलीच नाही. इथंच, नदीच्या काठाला, मला जन्म देताना गेली. ती जी नऊ वर्षांनी मोठी आई म्हणून तू मघा हसलास ना, ती मावशी. बापानं वाढवलेली पाच त्यात मिळव. चौदा वर्षांची पोर होती. तिनं मला मेंढीच्या दुधावर जगवलं. कधी झालो म्हणून विचारलं तर म्हणायची, गाई व्यायच्या दिवसांत."

हातात जड परात घेऊन अनारकुल उंबऱ्यात तशीच उभी राहिली. तिनं वेळ काढायला भांडण लावलं होतं. ते इथवर जाऊन पोचेल हे तिनं धरलं नव्हतं.

"अशी काय उभी राहिलीस, सूनबाई? इकडं आण," आबा म्हणाले.

तिनं परात त्यांच्यापुढं ठेवली. आबांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि ओरोझालींपुढं सरकवली.

"आईवाचून काढलेलं एकेक वर्ष दोनदा मोजायचं. तू थोरला. डोकं तुझं."

"म्हणजे मी म्हातारा?" ओरोझाली काकांनी परात मागं ढकलली. "तुझी जमीन, तुझं अंगण. तूच घे."

"घे म्हणतो ना!"

"तू घे!"

आता हे उलट्या दिशेनं पुन्हा तीन तास चालणार, असं दिसताच वन्सं काठी टेकत आत आल्या. "निवतंय ते! मी भाजलंय. ओरोझाली, सुरी उचल, नाहीतर मीच खाते."

काकांनी सुरी उचलली. ज्याच्यापुढं डोकं येतं त्यानं आधी कान कापून धाकट्यांतल्या कुणाला तरी द्यायचा असतो, मोठ्यांचं नीट ऐकावं म्हणून. काकांनी यर्टभर नजर फिरवली, दाराशी दाटीवाटीनं बसलेली नातवंडं ओलांडली, आणि कान केन्जेबेकपुढं धरला.

"घे, नेता. बोलतोस बरं तू. आता हे खा."

संसदेच्या सभासदानं दोन्ही हात पुढं करून कान घेतला, वाकून सलाम केला आणि तोंडात घातला. मेंढा लहान नव्हता. कान चामट होता.

"आणि सूनबाई," आबा म्हणाले, "शहरातून आलेली ती तीन पातेलीही आणा. टेंपोचा वास मला सकाळीच आला होता. म्हटलं बघू, ही काय करते. एवढं भांडायला लावलंस, आता एका मेंढ्यानं काय होतंय?"

अनारकुलचे कान तापले. वन्सं खो खो हसल्या आणि म्हणाल्या, की चहात मीठ आजही कमीच होतं.

जेवणं झाली. खुबा, मांडी, फरा, ज्याचं त्याला गेलं. मग शहरातले तुकडेही गेले, आणि ते कुणी कुणाच्या आधी उचलले हे कुणी पाहिलं नाही. मग आबांनी हात पुसले आणि तळवे उघडले, तसे सगळ्यांचे उघडले. अनारकुलनंही उघडले. काजळीनं काळे झालेले होते.

"जमीन दिली," आबा म्हणाले. "ओरोझाली साक्षीला. इथं येणारी बाई आली तशी पायी घरी जावो, आणि येताना एक होती ती जाताना दोन होवो. ओमिन."

"ओमिन," यर्ट म्हणाला.

"आणि नाव काय द्यायचं इमारतीला?" ओरोझाली काकांनी विचारलं.

केन्जेबेकनं घाईघाईनं खिशातला कागद काढला. त्यावर नाव होतं, त्याच्या वडिलांचं, आणि खाली पक्षाचंही. पण तोंडात अजून कान होता. वडीलधाऱ्यांनी दिलेला तो थुंकता येत नव्हता आणि गिळला जात नव्हता. त्यानं नुसते हातवारे केले.

"हो म्हणतोय तो," आबा म्हणाले. "नाव कशाला हवं? अनार, आत एक मोठं घड्याळ लाव. आणि लिहिता येणारी एक बाई बसव. पोर आलं की साल, महिना, तास, सगळं मांडून ठेवायचं. पुढं या पोरांवर डोक्यासाठी भांडायची पाळी नको."

फोनला रेंज फक्त इमारतीच्या मागच्या पायरीवर मिळत असे. अनारकुल तिथं गेली. आतून चुन्याचा ओला वास येत होता. पलीकडून सुईणीचा आवाज आला तेव्हा ती खिडकीतून आतल्या खाटा मोजत होती.

"अनार एजे? ताई, तुम्हीच ना? ऐकू येत नाहीय."

"मीच आहे गं. सोमवारची वाट बघू नकोस. उद्याच ये," ती म्हणाली. "आणि येताना बाजारातून एक घड्याळ घे. मोठं. बाळंतिणीला खाटेवरून दिसेल एवढं."